मिस्नादिनचे दात

लिफ्टनं एक आचका दिला, जरा वर गेल्यासारखं केलं आणि विचार बदलल्यासारखी ती थांबली. दिवा गेला, आला, आणि मग अर्ध्या मनानं जळत राहिला. पंख्याची घरघर बंद पडली तेव्हा हार्तिनीला कळलं की इतका वेळ ती चालू होती. "काही नाही, काही नाही," इबू लिलिक म्हणाली, "आमच्या इमारतीत असं कधीच होत नाही." घरं विकणाऱ्या बायकांचा असतो तसाच तिचा आवाज होता, गोड आणि न थांबणारा. तळमजल्यापासून ती अकराव्या मजल्यावरच्या घराचं वर्णन करत होती. पूर्वेचं ऊन, बंदराकडचा वारा, दोन झोपायच्या खोल्या, त्यातली एक 'मोठ्या माणसासाठी अगदी शांत'. आता लिफ्ट बंद पडली तरी वर्णन उतारावर सुटलेल्या सायकल-रिक्षासारखं पुढे चाललंच होतं. हार्तिनीनं एक बटण दाबलं. मग सगळी दाबली. मग भिंतीतल्या जाळीतून पहारेकऱ्याचा आवाज आला, "थांबा, तुमची तक्रार घेतली आहे, माणूस येतोय," आणि ते ऐकून तिनं पुन्हा सगळी बटणं दाबली. कारण गेली कित्येक वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात बसून ती स्वतः सगळ्या सुराबाया शहराला हेच वाक्य याच सुरात ऐकवत आली होती, आणि त्यानंतर माणूस केव्हा येतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं वडिलांकडं पाहिलं. खरं म्हणजे तिची सगळी भीती त्यांच्यासाठीच होती. बापाकना बंद जागा चालत नाहीत, हे घरातलं पहिलं सत्य होतं. देवाचं नाव आणि स्वतःचा पत्ता शिकण्याआधी ती हे शिकली होती. ते ओसरीवरच्या बांबूच्या बाकावर झोपत, पावसात सुद्धा, पायावर प्लास्टिक घेऊन. घराचं पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, मधून गल्लीतल्या कोंबड्या ये-जा करत. न्हाणीघराची कडी त्यांनी जन्मात लावली नाही. दार अर्धवट लोटून आत मोठ्यानं एक बिनशब्दांचं गाणं म्हणत, म्हणजे आत माणूस आहे हे येणाऱ्याला कळावं. आईनं हे आयुष्यभर सोसलं. शेजारणी विचारत, तेव्हा ती सांगायची, "पाणबुडीत होते ना, त्यांचा श्वास कोंडतो," आणि शेजारणी हळहळून आत वाकून बघत. त्याच न्हाणीघरात गेल्या महिन्यात बापाक घसरून पडले. दार उघडं होतं म्हणून समोरच्या बाईला दिसले. त्या दिवसापासून हार्तिनीला झोप नव्हती. शहराच्या या टोकाला ती एकटी, त्या टोकाला ते एकटे, आणि मधे सगळी वाहतूक. शेवटी तिनं ठरवलं की आपल्या ऑफिसच्या जवळ एक घर घ्यायचं, त्यांना आणायचं, आणि दाराबिरांचं नंतर बघू. पण हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. "ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडं जायचंय," असं सांगून तिनं त्यांना आणलं होतं. आणि आता या पोलादी डब्यात, जिथं चौथा माणूस आला असता तर त्याला उभ्यानंच कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवावं लागलं असतं, तिथं तिच्या म्हाताऱ्या बापाला काय होणार या विचारानं तिच्याच छातीवर कुणीतरी बसलं होतं.

बापाकनी चपला काढल्या. त्या नीट जोडीनं भिंतीशी ठेवल्या. मग काळी टोपी सारखी करून ते सावकाश खाली बसले, पाय पसरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते हार्तिनीनं फक्त एकदाच पाहिले होते, आईनं खूप वर्षांनी गोमांसाचा काळा रस्सा केला होता तेव्हा.

"चपला काढा," ते म्हणाले. "दोघी पण. टाचांचा आवाज पार तळापर्यंत जातो."

"कुठल्या तळापर्यंत?" इबू लिलिकनं विचारलं. पण काढल्या. टाचा गेल्यावर ती एकदम बुटकी आणि बरीच खरी वाटायला लागली. "बापाक, घाबरू नका हं. ही लिफ्ट परदेशी बनावटीची आहे."

"पाणबुडी पण परदेशीच होती," बापाक म्हणाले. "आता जरा कमी बोला, बाई. हवा लागते."

"हवा भरपूर आहे. वर झरोका आहे ना, आमच्या इमारतीत प्रत्येक..."

"श्श." त्यांनी बोट वर केलं. डावा कान, म्हणजे त्यातल्या त्यात चालणारा कान, भिंतीला लावला. डोळे मिटले. उजव्या कानाचा तर आता घरात कुणी हिशेबच धरत नसे. कुकरची शिट्टी, कोंबड्यांचा गोंधळ, मशिदीतली बांग, सगळं त्या बाजूनं येऊन परत जायचं. हार्तिनी श्वास रोखून बघत राहिली. तिला आठवलं, हा माणूस पाणबुडीत ऐकण्याच्या कामावर होता. कानाला यंत्र लावून समुद्र ऐकायचा, एवढंच तिला माहीत होतं. शाळेत एकदा निबंध होता, 'इरियनच्या लढाईतले माझे वडील'. वलंदेजांकडून, म्हणजे डचांकडून, इरियनचा मुलुख घ्यायची ती लढाई. ती वही घेऊन ओसरीवर गेली तेव्हा बापाकनी बराच विचार करून सांगितलं होतं, "पाणी होतं. आम्ही खाली होतो." तेवढ्यावर निबंध होईना, म्हणून तिनं मनानंच तीन वलंदेज जहाजं बुडवली. बाईंनी दोन कमी केली.

"जहाज आहे," बापाक डोळे मिटूनच म्हणाले. "बुडाशी एकच पंखा फिरणारं. सावकाश चाललंय. उत्तरेकडं."

इबू लिलिक हार्तिनीकडं सरकली आणि तिचा दंड धरला. जाळीतून पहारेकऱ्याचा आवाज आला, तेव्हा हार्तिनीनं विचारलं, "अहो, तो धडधड आवाज कसला आहे?" "सहाव्यावर कपडे धुतायत, बाई," तो म्हणाला. "मशीन जरा जुनं झालंय."

"बरं, मशीन," बापाक म्हणाले. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. "एक पंख्याचंच असतं ते पण."

आणि इथं हार्तिनीचं धैर्य संपलं. हसावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. तोंड उघडंच राहिलं आणि हवा काही आत जाईना. भिंती जवळ आल्या. खरोखर आल्या, तिनं हात लावून बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बंद जागेची भीती ही बापाकची आहे आणि ती त्यांना सांभाळणारी आहे, आणि आता पाठीवरून घामाचा ओघळ उतरताना तिच्या मनात आलं की तिनं आयुष्यात बंद दाराच्या घरात स्वतः किती दिवस काढलेत? लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या घरी पहिल्या रात्री त्यानं दाराला कडी घातली, आणि ती उठून खिडकीशी जाऊन बसली होती. त्यानं त्याचा भलताच अर्थ घेतला, आणि ते लग्न तिथून जे वाकडं गेलं ते सरळ झालंच नाही. हे तिला आता, सहाव्या-सातव्या मजल्याच्या मधे कळत होतं, आणि तिला त्या बिचाऱ्या माणसाला फोन करून सांगावंसं वाटलं की तुझं काही नव्हतं रे, कडीचं होतं.

"तिन," बापाकनी तिला घरातल्या नावानं हाक मारली. "खाली बस. माझ्या डाव्या बाजूला. गुडघे वर घे. आता माझ्याकडं बघ. घाबरायचं नाही असं मी म्हणत नाही. घाबर. फक्त आवाज न करता."

"तुम्हाला... तुम्हाला काही होत नाही?"

"मला? मला झोप येतेय." त्यांनी खरंच जांभई दिली. "आम्ही तळाला बसायचो ना, तेव्हा असंच. यंत्रं बंद. दिवे अर्धे. बोलायचं नाही, चालायचं नाही, संडासात पाणी ओतायचं नाही. वर वलंदेजांचं जहाज फिरतंय, आणि आपण चिखलात बसलोय माशासारखे. सगळे एकमेकांना चिकटून. आणि वास! डिझेल, घाम, आणि रशियन लोकांनी दिलेले कोबीचे डबे. तीन वेळा कोबी. भात नाही, मिरची नाही. सांबलच्या ठेच्याची बाटली कुणी लपवून आणली होती, ती हातात हातात फिरायची, खायला नाही, नुसती हुंगायला."

हार्तिनी बसली. त्यांच्या दंडाची हाडं तिच्या दंडाला लागली. बापाक इतकं सलग बोलतात हे तिला नवीन होतं. इबू लिलिक सुद्धा भिंतीला टेकत टेकत खाली बसली आणि तिनं आपल्या रंगीत कागदांनी तिघांना वारा घालायला सुरुवात केली. कागदावर अकराव्या मजल्यावरून दिसणारं निळं आकाश छापलेलं होतं.

"आमचा कप्तान सोलोचा," बापाक म्हणाले. "राजवाड्याच्या बाजूचा. पावलं न वाजवता चालायचा, ओरडायचं असलं तरी कुजबुजायचा. आम्ही सुराबायाचे सगळे बोंबलणारे. तो कधी शिंकला तरी आधी माफी मागायचा. आणि माझ्या शेजारी मिस्नादिन. मादुराचा. पुढचे दोन दात असे, मधे फट, त्यातून शिट्टी वाजायची. त्याला हसण्याचा रोग होता. बंदरावर नाटक लागलं की नाटकवाले आधी बघायचे मिस्नादिन आलाय का. तो आला की पैसे परत घे पण घरी जा, म्हणायचे. तो हसायला लागला की राजाचं काम करणारा पण हसायचा, मेलेला पण हसायचा."

हे नाव हार्तिनीनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं डोक्यात शोधून पाहिलं. घरी आलेली माणसं, सणाला डबे पाठवणारी माणसं, आईच्या प्रेताला खांदा देणारी माणसं. त्यात मिस्नादिन नव्हता.

"तर वर जहाज आलं. मी कानाला यंत्र लावून बसलोय. छुक, छुक, छुक. जवळ आलं. आणखी जवळ. आता डोक्यावर. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मी हात वर धरलाय, मुठीत, म्हणजे कुणी श्वास सुद्धा घ्यायचा नाही. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. लांब, गडगडत, वर चढत, मग खाली उतरत. पितळी गोंगावर कुणी हात फिरवल्यासारखं. मला वाटलं संपलं, वरून त्यांनी काही सोडलं. मी वळून कप्तानाकडं बघतो, तर कप्तान पोटावर टोपी दाबून उभा."

"पोट?" इबू लिलिकनं विचारलं. तिचं वारा घालणं थांबलं.

"कोबी," बापाक म्हणाले. "सोलोच्या राजवाड्याचं पोट, आणि त्यात रशियाची कोबी. एकदा झालं. सगळ्यांनी खाली बघितलं. मग दुसऱ्यांदा झालं, त्याला शेवटी एक प्रश्न होता. असं, ऊंऽऽ? असं. आणि मला माझ्या मांडीला मिस्नादिनची मांडी हलताना कळली."

हार्तिनीच्या घशातून काहीतरी निसटलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"तू हसतेस, तुझ्या डोक्यावर जहाज नाही. आमच्या डोक्यावर होतं. त्यानं तोंडात टॉवेल कोंबला, तरी फटीतून शिट्टी यायला लागली. त्याचा चेहरा वांग्यासारखा जांभळा. त्याच्याकडं बघून पलीकडचा हलायला लागला. मग इंजिनवाले. सगळी पाणबुडी हसतेय, आणि आवाज नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, एकजण तर पाइपला मिठी मारून हसत होता. मरणार आहोत हे सगळ्यांना माहीत, आणि त्याचं तर जास्तच हसू. शेवटी मिस्नादिनला आवरेना. आता फुटणारच. तेव्हा त्यानं काय केलं, माझा खांदा धरला, आणि चावला. असा चावला, की दात हाडाला लागले. आता त्याला हसू येतंय, मला रडू येतंय, आणि दोघांच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. जहाज जाईपर्यंत त्यानं खांदा सोडला नाही. गेलं तेव्हा कप्तान आमच्यासमोर वाकला आणि कुजबुजला, 'माफ करा मंडळी.' मग जे सगळे ओरडून हसले... बाई, मी यंत्र कानावरून काढायला विसरलो होतो. उजवा कान तेव्हाच गेला बहुतेक."

हार्तिनी हसत होती. हवा आत जात होती, बाहेर येत होती, आणि ते तिच्या लक्षात सुद्धा आलं नाही. मग तिनं एकदम वळून त्यांच्या शर्टाची गळपट्टी बाजूला ओढली, लहान मुलीसारखी. उजव्या खांद्यावर तो व्रण होताच, फिकट, दोन अर्धचंद्रांचा, एका बाजूला मधे जागा सुटलेली. "ही गोळी आहे!" ती म्हणाली. "वलंदेजांची गोळी! आई म्हणायची. मी शाळेत सांगितलंय. सगळ्या वर्गाला सांगितलंय!"

"गोळी अशी लागत नाही, पोरी. गोळीला वरचे आणि खालचे दात नसतात."

"मग आई का..."

"तुझ्या आईनं लग्नानंतर पहिल्यांदा खांदा बघितला आणि विचारलं, कुणाचे दात? मी म्हटलं, मिस्नादिनचे. ती म्हणाली, हो का, आणि माहेरी निघून गेली." इबू लिलिक "अगं आई गं" म्हणाली आणि पुढं सरकली. "ती काही ऐकेना. दर्यावर्दी माणूस, खांद्यावर दात, आणि म्हणे मित्राचे. शेवटी मी मिस्नादिनला घेऊन सासुरवाडीला गेलो. तुझ्या आईनं एक पेरू आणला. म्हणाली, चावा. मिस्नादिन चावला. मग तिनं तो पेरू माझ्या खांद्याजवळ धरला आणि दिवा जवळ आणून बघितलं, सोनार बघतो तसं. फट जुळली. तेव्हा कुठं बाई परत आल्या. मिस्नादिन तोवर राहिलेला पेरू खाऊन मोकळा झाला होता. त्यानंतर तो दर आठवड्याला जेवायला यायचा. तुझी आई त्याला वाढताना म्हणायची, हळू चावा भाऊ, माझ्या नवऱ्याचं मांस नाही ते."

आई. ती कोरडी, ताठ बाई, जिनं घरात कुणाला जुन्याचं एक अक्षर काढू दिलं नाही. 'झालं ते झालं, ताट उचला.' ती कधीकाळी थट्टा करत होती, पेरू हातात घेऊन बसत होती, कुणाला तरी भाऊ म्हणत होती. हार्तिनीला ही बाई भेटलीच नव्हती. ती जन्मली तेव्हा घरात गोळीच होती.

"आणि ते मिस्नादिन आता कुठं असतात?" इबू लिलिकनं डोळे पुसत विचारलं. अगदी साधा प्रश्न होता. कुणीही विचारला असता.

बापाकनी वर पाहिलं, जाळीकडं पाहिलं, मग हार्तिनीनं ते काय करतात हे ओळखलं: ते ऐकत होते. पलीकडं कुणी आहे का. या माणसाचं सगळं आयुष्य, तिला वाटलं, ऐकण्यातच गेलं. आधी वरच्या जहाजासाठी, आणि मग?

"ते दिवस फिरले ना," ते हळू बोलायला लागले. "तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. लष्कर कम्युनिस्ट म्हणून माणसं उचलायला लागलं. मिस्नादिनला रशियन फार छान यायचं. रशियन मास्तर त्याच्यावर खूश. त्याबद्दल त्याला बिल्ला मिळाला होता. मग एका सकाळी त्याच रशियनबद्दल त्याला बोलावणं आलं. तो हसत गेला. येतो म्हणाला. तुझ्या आईनं त्याच्यासाठी भात झाकून ठेवला होता. मग नाव घ्यायचं नाही असं झालं. कुणी सांगितलं नाही, सगळ्यांना आपोआप कळलं. आमच्या सगळ्या गोष्टीत रशियन होते, आणि सगळ्या गोष्टीत मिस्नादिन होता. मग गोष्टीच राहिल्या नाहीत. पाणी होतं, आम्ही खाली होतो, एवढंच उरलं. आणि तुझ्या आईनं एक दिवस शेजारच्या बाईला सांगितलं, गोळी लागली म्हणून. मी आतून ऐकलं."

म्हणजे आईनं लाजेनं सांगितलं नव्हतं, बढाईनंही नाही. गोळीत काही धोका नव्हता, धोका दातांत होता. दात म्हटले की कुणाचे, हा प्रश्न आला असता.

इबू लिलिकनं हातातलं निळं आकाश दुमडलं. "आमच्याकडं पण एक नाव घेत नाहीत," ती खाली बघत म्हणाली. "आजोबांचा धाकटा भाऊ." आणि मग तिलाच आपण काय बोललो याचं आश्चर्य वाटल्यासारखी ती बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"म्हणून दारं उघडी ठेवता?" हार्तिनीनं विचारलं. "श्वास कोंडतो म्हणून नाही?"

"श्वास कशाला कोंडेल? बंद जागेत मला किती छान वाटतं बघतेस ना. पण बंद दाराआड माझा कान जागा राहतो. कोण आलं, कुठं थांबलं, किती जण आहेत. दार उघडं असलं की कानाला काम नाही. जो येईल तो दिसेल. मग झोपतो बिचारा."

तेवढ्यात वर खडखडाट झाला, दाराच्या फटीतून लोखंडी कांब आली, आणि दार उघडलं तेव्हा सातव्या मजल्याची फरशी त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर होती. फरशीवर तीन माणसांचे बूट, आणि त्यामागं एक मांजर. बापाक म्हणाले, आधी बाया. इबू लिलिक 'परदेशी बनावट' म्हणत म्हणत वर ओढली गेली, मग हार्तिनी, आणि शेवटी बापाक, काखेत चपला घेऊन. वर आल्यावर इबू लिलिकनं केस सारखे केले, टाचा घातल्या, आणि पुन्हा उंच होऊन म्हणाली, "आता इथवर आलोच आहोत, तर चारच मजले आहेत. जिन्यानं जाऊन घर बघून घ्यायचं?" मग तिनं बापाकच्या तोंडाकडं पाहिलं, आणि स्वतःच मान हलवली. "नको. तुम्हाला त्यात झोप नाही लागायची." जाताना तिनं बापाकचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. घरं विकणारी बाई असं करत नाही.

लिफ्टकडं त्या दोघांपैकी कुणी बघितलंच नाही. उतरायला जिना होता, कोंदट, सिमेंटचा, भिंतीवर नळांचे पाइप. बापाकचे गुडघे प्रत्येक मजल्याला थांबा मागत होते, आणि प्रत्येक थांब्यावर, काही न विचारता, ते एक माणूस काढत होते. सहाव्यावर इंजिनवाला सुवादी, ज्यानं रशियात बर्फ पहिल्यांदा बघितल्यावर तो आईसाठी म्हणून डब्यात भरून ठेवला होता. पाचव्यावर स्वयंपाकी, त्याचं नाव काही केल्या आठवेना, मग तो चौथ्यावर पोचल्यावर आठवला, बुआंग, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कठड्यावर थाप मारली. मधे एकदा ते म्हणाले, "ती मैत्रीण भेटायची राहिलीच की गं?"

"कसली मैत्रीण?"

"ऑफिसातली. जिच्याकडं चाललो होतो. जिच्या घराला दोन झोपायच्या खोल्या आणि एक मोठ्या माणसासाठी अगदी शांत."

हार्तिनीला लिफ्टमधल्यापेक्षा जास्त घाम आला. "तुम्ही पडला होतात," ती म्हणाली. "मी इकडं, तुम्ही तिकडं. मला रात्रभर..."

"तू इकडं ये. तुझी खोली आहे तशीच आहे. म्हणजे मांजर व्यालीय त्यात, पण ती कुणाला काही बोलत नाही."

"आणि कडी?"

"लाव की. तुझ्या खोलीची तू लाव."

"नको," हार्तिनी म्हणाली, आणि तिला वाटलं तितकं ते अवघड नव्हतं. "उघडीच राहू दे. या महिन्याअखेर येते." बापाक मान हलवत राहिले, जरा जास्तच वेळ. मग नाक ओढलं आणि म्हणाले की या इमारतीत फार धूळ आहे.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते पुन्हा थांबले. कुणाचं नाव येतं म्हणून ती वाट बघत उभी राहिली. त्यांनी एकदा वरच्या जिन्याकडं पाहिलं, एकदा खालच्या, त्या जुन्या सवयीनं, डावा कान पुढं करून. कुठंतरी नळ गळत होता. बाकी काही नव्हतं. मग त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, छाती भरून घेतली, आणि हार्तिनीनं त्यांचा इतका मोठा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

"मिस्नादिन!"

जिन्यानं ते नाव घेतलं आणि मजल्यामजल्यावर नेलं. वर गेलं, पाइपांना लागलं, खाली आलं. कुठंतरी खाली दार उघडलं, कढईत काही तडतडत असल्याचा आवाज आला, आणि एका बाईनं वर तोंड करून विचारलं, "कोण हवंय? या नावाचं इथं कुणी राहत नाही!"

हार्तिनीनं घाबरून वडिलांची बाही धरली. बापाक कठड्यावरून वाकले होते, टोपी सरकून कानावर आली होती.

"ठाऊक आहे, बाई!" ते खाली ओरडले. "नुसती हाक मारली!"

"मग मारा की," खालून आवाज आला. "कोण नको म्हणतंय?"